फुंकर

पहाटेचे साडेपाच. उणे सव्वीस.
केमीच्या सॉ मिलच्या फाटकावर
मी उभी असते, मुठीत मावेल एवढं यंत्र घेऊन.
दहापर्यंत उजाडायचं नाही.
माणसं अंधारातून एकेक करून येतात,
प्रत्येकाच्या तोंडापुढे त्याचा श्वास.
या थंडीत श्वास सगळ्यांना दिसतो.
श्वासात काय आहे, ते दिसत नाही.

फुंक, मी म्हणते.
थांबू नकोस. अजून. अजून थोडं.
हिरवा दिवा. जा.
साहेबही फुंकतात.
बायको घर सोडून गेली त्या आठवड्यातही फुंकले,
माझ्याकडे न बघता.
आणि सगळ्यांच्या आधी, पाच वाजता,
केबिनमध्ये एकटी, मी.

पूर्वी हे यंत्र नव्हतं.
पूर्वी आमच्याकडे माया होती.
सोमवारी ताउनोच्या तोंडाला वास आला
की कुणीतरी पुदिन्याची गोळी पुढे करायचं,
कुणी त्याची पाळी ओढायचं,
आणि मी हजेरीवहीत
सहाच्या आत त्याचं नाव लिहायचे.
सांभाळून घेतलं आम्ही त्याला.
अकरा वर्षं.
इतकी चांगली माणसं होतो आम्ही.

एतू एकोणीस वर्षांचा.
लागून तीन आठवडे झालेले.
पट्ट्याखाली अडकलेली साल काढायला वाकला
आणि ताउनोनं बटण दाबलं.
बटण दाबायला एकच बोट लागतं.
एतूची चार गेली.
ताउनोची दहाच्या दहा शाबूत आहेत,
त्यांचं काय करायचं, हे त्याला अजून समजलेलं नाही.
रक्त फारसं पसरलं नाही.
भुसा सगळं पिऊन टाकतो.

नियम त्यानंतर आले.
युनियनची इर्मेली नऊ संध्याकाळी
मालकांसमोर बसली. डबा नेऊन.
त्यांना हवी होती नुसती शिक्षा.
ती म्हणाली, नुसत्या धाकानं माणूस सुधारत नाही,
हुशार होतो.
म्हणून चौथं पान आलं:
पकडलं जाण्याआधी जो स्वतःहून सांगेल
त्याची नोकरी राहील, उपचार होतील,
जागा दुसऱ्याला दिली जाणार नाही.
पाठदुखीच्या गोळ्याही आहेत त्या पानावर,
झोपेच्याही. डॉक्टरनं लिहून दिलेल्या असल्या तरी
फोर्कलिफ्टवर चढण्याआधी सांगायच्या.
एका स्वल्पविरामावर ती दोन तास भांडली म्हणे.
मी हसले होते तेव्हा.

गेल्या गुरुवारी ओस्सी कुम्पुला,
त्रेपन्न वर्षांचा, फोर्कलिफ्टवाला,
यंत्र हातात घेऊन नुसताच उभा राहिला.
मागे रांग. पाय आपटणारी.
फुंक, ओस्सी.
त्यानं यंत्र खाली केलं.
‘चौथं पान,’ म्हणाला.
एवढंच. मग बुटांकडे बघत राहिला.

हे आधी, की नंतर?
फाटकात पाय टाकलेला, दिवा अजून लागलेला नाही.
यंत्र त्याच्या ओठांपासून वीतभर लांब.
रांगेतलं कुणी तोंड उघडेना.
खिशात कुणाच्या तरी पुदिन्याच्या गोळ्या असतीलच.

वीतभर म्हणजे आधीच, मी म्हणाले.
स्वल्पविराम तिथेच होता.

त्याला केबिनमध्ये हीटरजवळ बसवलं.
इर्मेलीला फोन केला. ती झोपेतून उठून आली,
कोट उलटा घातलेला.
वहीत मी वेळ लिहिली: पाच एक्केचाळीस.
जी होती तीच.
सांभाळून घेणं आणि सांभाळणं,
मधला एक शब्द गाळायला
मला एवढी वर्षं लागली.

लहानपणी गुडघा फुटला की आई फुंकर घालायची.
ती जखमेनंतरची.

एतू हल्ली कचेरीत बसतो, बिलं बघतो.
रोज रांगेत शेवटी उभा राहतो.
उजवा हात खिशातून काढत नाही,
डाव्यात कॉफीचा थर्मास असतो,
म्हणून यंत्र मीच धरते त्याच्यापुढे.
फुंक, म्हणावं लागत नाही.
माझ्या हातमोज्यावर त्याचा श्वास
पांढरा होऊन बसतो थोडा वेळ.
हिरवा.
जा, एतू.