मूळ स्थितीत

आडगाव नाक्याच्या यार्डात आज सहा ट्रक परत द्यायचे.
पुण्याहून कंपनीचा माणूस आलाय, गळ्यात टॉर्च.
दाराच्या कडेवरून तो असं बोट फिरवतो
जसं स्थळ बघायला आलेल्या पाहुण्यांतलं कुणी
खिडकीची धूळ बघतं.

ओरखडा चार इंचांपर्यंत माफ.
त्यापुढे वजा.
वर्षाला नव्वद हजारांवर किलोमीटर, वजा.
शेवटच्या पानावर एकच वाक्य, ठळक:
वाहन मूळ स्थितीत परत करावे.

हे वाक्य मीच आणलं इथं.
चार वर्षांपूर्वी छाजेडशेठ म्हणाले, ताई, एकदा नीट मांडून दाखवा.
मी मांडलं. एका बाजूला डाउन पेमेंट, हप्ता, विमा, टायर,
सातव्या वर्षी भंगारवाला देईल तो भाव.
दुसऱ्या बाजूला फक्त भाडं, दर महिन्याच्या पाच तारखेला.
तळाशी फरक आला दोन हजार एकशे चाळीस,
एका गाडीचा, एका महिन्याचा, भाड्याच्या बाजूने.
शेठनी चष्मा काढून तो आकडा पाहिला,
चष्मा लावून पुन्हा पाहिला.

लोक म्हणतात, स्वतःच्या गाडीची मजा वेगळी.
असेल.
पण आरसी बुकात बँकेचं नाव असायचं साठ महिने,
आणि साठावा हप्ता फिटल्यावर शेठ पेढे वाटायचे
तोवर गिअरबॉक्स गेलेला असायचा.
सगळं बंद होतं त्या वर्षी चौदा गाड्या इथंच उभ्या होत्या,
चाकांमधून गवत वर आलं,
हप्ता मात्र चालत होता, रोज, बिनडिझेलचा.
तेव्हा माझा हिशोब चुकला असं मला कुणी सांगू नये.

फक्त मुनीर पेंटर.
त्याचं दुकान आहे अजून, पंक्चरवाल्याच्या शेजारी.
जुन्या गाड्यांच्या पाठीवर तो द्राक्षाचे घड काढायचा,
एकेका मण्यावर पांढरा ठिपका, उजेडाचा,
आणि वर, कपाळावर, शेठच्या आईचं नाव: केसरबाई कृपा.
जेएनपीटीच्या रांगेत दोनशे गाड्यांतून
आपली गाडी लांबून ओळखू यायची.
आता सगळ्या पांढऱ्या.
ड्रायव्हर नंबर वाचून चढतात.
मुनीर हल्ली दुकानांच्या शटरवर ‘येथे वाहने लावू नयेत’ लिहितो.

चौथ्या गाडीत, विलास दराडेच्या,
पुण्याच्या माणसाने उन्हाची झडप खाली ओढली
आणि थांबला.
झडपेच्या मागे, अंगठ्याएवढा, हिरवा घड.
मणी मोजता येतील इतका नेमका.
प्रत्येक मण्यावर ठिपका.

त्याने बोटाने घासून पाहिलं. ऑइलपेंट.
मग तो मागं फिरला, आधी तपासलेल्या तिन्ही गाड्यांकडे.
तिथंही.
दराडे किल्लीने नखं कोरत
ओझर विमानतळाच्या दिशेला बघत राहिला,
जणू आता एखादं विमान उतरणारच होतं.

फॉर्मवर रकाने होते: पोचा, ओरखडा, तुटलेले, गहाळ.
त्याने विचारलं, मॅडम, हे कशात टाकू?
इथं जास्तीचं असं काही नाहीये.
मीही पाहिलं. नव्हतं.
शेवटी ‘ओरखडा’मध्ये टाकलं, लांबी दोन इंच,
पण आत आहे म्हणून माफ नाही.
साडेतीनशे रुपये. गुणिले सहा.

एकवीसशे मी ‘किरकोळ’मध्ये चढवले.
म्हणजे एका गाडीची एका महिन्याची बचत गेली,
वर चाळीस उरले.
चाळीसात नाक्यावर चार कटिंग येतात.
दराडे, तो पुण्याचा माणूस, मी
आणि दुकानातून आपणहून आलेला मुनीर.

कुणी काही काढलं नाही.
पुण्याच्या माणसाने कसाऱ्याच्या ट्रॅफिकचं विचारलं.
मुनीर नखातला हिरवा रंग काडीने काढत होता.
नव्या गाड्या कधी, त्याने विचारलं.
उद्या, मी म्हणाले.
पांढऱ्याच?
पांढऱ्याच.
त्याने मान हलवली, काडी टाकली,
आणि ग्लासाच्या तळाचा शेवटचा घोट
उगाच बराच वेळ फिरवत बसला.