गाळाची नोंदवही

अकरा दिवस पंप चालले तेव्हा कुठे तळ्याने तळ दाखवला.
ज्या पाण्यात सकाळी येऊरचा डोंगर उलटा उभा असायचा
तिथे एक चप्पल, गणपतीची सोंड, निर्माल्याच्या गाठी मारलेल्या पिशव्या,
आणि तो वास,
जो डब्यातल्या भेंडीलाही लागला.

माझं काम लिहिण्याचं. ठाणे, तलाव विभाग, रकाने पाच:
अनुक्रमांक, वस्तू, वजन, स्थिती, मालक.
शेवटचा कशाला, हे मला कुणी सांगितलेलं नाही.

सव्वातीनला हसुराम मढवीचं फावडं वाजलं.
दगडावर वाजतं तसं नव्हे.
ताटाला वाटी लागते तसं.
मग त्याने हातांनीच उकरलं.
हिरवट काळं, कवठासारखं पोट, गळ्याशी दोन रेघा,
काठ एका बाजूला जरासा पुढे आलेला,
काही सांगायला निघावं आणि राहून जावं तसा.

"आतशी भोक पारलाय," तो म्हणाला. "गंजाचा नाय. खिल्याचा."
वाकून पाहिलं. कडा बाहेर वळलेल्या.
एकच घाव, बरोबर बुडाच्या मध्यावर.

ज्याने ठोकठोकून हे पोट फुगवलं
त्यालाच म्हणाले असतील का, आता एक शेवटचा मार?
की कुणी बाई बसली असेल काठावर उकिडवी,
घरात कुणी तापाने फणफणलेलं,
किंवा सगळं चांगलंच चाललेलं, आणि त्याचीच भीती?

आमच्या घंगाळाला भोक नव्हतं.
वर्तकनगरात घर घेतलं तेव्हा आईने ते वजनावर दिलं.
साडेचार किलो.
बाथरूमच्या अर्ध्या भिंतीच्या टाइल्स आल्या त्यात.

हसुरामने भांडं सवयीनं टँकरच्या नळाखाली धरलं.
पाणी आलं तसं गेलं, त्याच्या पायाच्या बोटांवर.
हसला. मग खालून
भोकाला अंगठा लावला
आणि ते भरत गेलं,
काठापर्यंत, थरथरत,
त्यात येऊरचा नखाएवढा तुकडा.

मी घाईने वही उघडली.
वस्तू: भांडं, तांब्याचं.
वजन: नंतर.
स्थिती: 'सच्छिद्र' लिहिलं, खोडलं. 'पूर्ण' लिहिलं.
मालक—

"झाला का वो मॅडम? अंगठा दुखतंय."

मी मान हलवली, हो की नाही ते मलाही कळलं नाही.
त्याने अंगठा काढला.
पाणी बारीक धारेने गाळात शिरलं,
जिथे फावडं वाजलं होतं
साधारण तिथेच.