रकाना सतरावा : इतर

वडगावात मागांचा खडखडाट इतका, की फोन लावला
की भरमाण्णा ढवळी दर वेळी म्हणतात,
"थांब गं बाई, भायर येतो."
मग दार, मग गल्ली, मग खाकरणं,
मग पाण्याचा घोट. बाटली कायम खिशात.

मी विचारते, कागदावर आहे त्या क्रमानं :
गिळताना दुखतं? कातडी काळवंडली? चव लागते?
शून्य ते चार, एक आकडा सांगा.
ते आकडा सांगत नाहीत. म्हणतात,
"कुंदा खाल्ला. साखर कळली, खवा न्हाई कळला."
मी लिहिते : दोन.

शेक तेहतीस द्यायचे की वीस, एवढाच आमचा प्रश्न.
वीसवाल्यांना रोजचा जरा जास्त.
गाठ तितकीच विरते का,
आणि शेजारचं चांगलं अंग तितकंच सोसतं का.
कुणाच्या वाट्याला काय, ते संगणक ठरवतो.
"म्हंजे डाक्टरबी निवडणार न्हाईत?"
न्हाईत.
"मग बरं. वशिला न्हाई ह्यात."
आणि मराठी फॉर्मवर त्यांनी कन्नडमध्ये सही केली,
शाळा तीच मिळाली होती.

शिल्पा पडद्यावर गाठीभोवती रेघ ओढते,
रेघेबाहेर आणखी पाच मिलिमीटर,
हालचालीसाठी, आपल्या चुकीसाठी.
"ह्या जिल्ह्यात सीमा म्हटली की मोर्चा निघतो," म्हणाली,
"माझी मी सकाळपासनं तीनदा पुसली."
रेघेला खेटून लाळेची ग्रंथी.
वाचेल तेवढी वाचवायची.

सहाव्या महिन्यात भरमाण्णा म्हणाले, "माग बंद केला."
थकवा? शून्य ते चार?
"न्हाई गं. सूत तुटतंय.
तुटलं की बोट जिभेला लावायचं,
दोन टोकं पिळायची, झालं. चाळीस वर्सं.
आता जीभच कोरडी. वाटीत पाणी घेऊन बघितलं.
पाण्यानं न्हाई बसत ते. थुंकीच लागती."

हा प्रश्न कागदावर नव्हता.
सतरावा रकाना, इतर. तिथं कोंबून लिहिलं.

मग जुने कागद काढले.
संकेश्वरचे एक शिंपी : सुईत दोरा जात नाही.
आम्ही ते 'दृष्टी'खाली टाकलेलं.
खानापूरच्या सोसायटीतल्या कारकून बाई :
नोटा मोजताना चुकते. आम्ही लिहिलं, 'एकाग्रता'.

गोकाकचा नंबर तीन दिवस लागेना.
चौथ्या दिवशी मुलीनं उचलला.
"अप्पा होदरू."
मी विचारलं, "एल्लिगे?" कुठं?
ती काही बोलली नाही. मागं कुकरची शिट्टी झाली.
तेव्हा मला कळलं, मी काय विचारलं ते.

मार्चमध्ये बैठक.
गाठीच्या बाबतीत वीस आणि तेहतीस बरोबरीत.
कोरडेपणात फरक आढळला नाही.
प्राध्यापक बाई चष्मा काढून म्हणाल्या,
"आढळला नाही, असंच लिहा. नाही, असं लिहू नका.
आपण विचारलंच कुठं नीट?"
नव्या कागदावर प्रश्न वाढला, दोन्ही भाषांत :
बोट ओलं करता येतं का?
कन्नड बरोबर आहे का, यावर अर्धा तास गेला.

भरमाण्णांना कळवलं. ते हसले की खोकले, सांगता येत नाही.
"माझं सूत जोडणार हाय का त्यानं?"
नाही.
"मग पुढच्याचं?"
मी म्हटलं, विचारू तरी. ते म्हणाले, "विचारा की."

रात्री गठ्ठा बांधायच्या आधी कागद मोजत होते.
विसाव्या पानाला माझं बोट आपोआप जिभेकडे गेलं.
तिथंच थांबले थोडी.
मग कोरड्या बोटानं मोजले. दोनशे बारा.
पुन्हा मोजले.
दोनशे अकरा.