रजिस्टर, गेट नंबर दोन

मामा चौकात, झेरॉक्सच्या दुकानावर माझा क्लास.
संध्याकाळी सहा ते सात. सतरा खुर्च्या, दोन मोडक्या.
त्या दिवशी फळ्यावर तीन शब्द होते:
सी. लुक. वॉच.

म्हणालो, आपण तिन्हीला बघणंच म्हणतो,
इंग्रज जरा चिकित्सक.
सी म्हणजे डोळे उघडे होते, म्हणून दिसलं,
त्यात तुमचा काही हात नाही.
लुक म्हणजे मान वळवली.
वॉच म्हणजे वळवलेली मान परत फिरवली नाही,
आता काहीतरी होईल म्हणून.

शेवटच्या खुर्चीतून सांडू खरात उठले.
अठ्ठावन्न वय, खाकी शर्ट, खिशाला शिट्टी,
इथून सुटले की थेट ड्यूटीवर.
“सर, आम्हाला वॉचमन कामून म्हणतात?
लुकमन कामून न्हाई?”

वर्ग फुटला हसून,
कारण लुकमान बागवान पहिल्याच रांगेत,
आणि आपल्याला कुणी हाक मारली म्हणून
त्यानं मान वळवली.
मी लगेच फळ्यावर बोट ठेवलं: हे बघा, लुक.

सांडूभाऊ हसले नाहीत.
“अकरा वर्षं झाली. बियाण्याचं गोदाम.
रातभर मी त्या गेटाकडं बघतो.
आजपस्तोर काहीच झालं न्हाई.
मंग हे वॉच का लुक?”

म्हणालो, ते पुढच्या धड्यात येतं.
पुढच्या धड्यात स्पीक आणि टेल आहे.

कुंडलिकेच्या पुलावरून स्कूटर नेताना वाटलं,
आपण तरी कुठं साधे आहोत.
डोळा लागला म्हणजे झोपला.
डोळे लागले म्हणजे झोप गेली, कुणाच्या तरी वाटेकडं.
काना जाऊन मात्रा आली
की माणूस टक्क जागा.
हे कुठल्या इंग्रजाला कोण शिकवणार,
आणि फी किती घेणार.

महिनाभरानं ते नायलॉनच्या पिशवीतून रजिस्टर घेऊन आले.
एजन्सीचा नवा नियम, रजिस्टर इंग्रजीत पाहिजे.
इतके दिवस कुणीतरी शिकवलेले दोन शब्द लिहायचे: ऑल ओके.
“पण सर, ऑल कुठं ओके असतं रोज?
चुका काढून द्या.”

टेन थर्टी. आय सी मून.
मी पेन्सिलीनं सी चं सॉ केलं.
टू फिफ्टीन. डॉग कम. आय लुक डॉग. डॉग लुक मी.
दोन ॲट राहिले होते, घातले.
थ्री टेन. आय वॉच गेट. गेट नॉट वॉच मी.
इथं बरंच होतं करण्यासारखं.
पेन्सिल टेकवली आणि उचलली.

“पोत्यात बी झोपेल असतं,” ते सांगत होते,
“त्याला ओल लागू द्यायची न्हाई, उंदीर शिरू द्यायचा न्हाई.
काही व्हावं म्हणून बघत न्हाई मी,
होऊ न्हये म्हणून बघतो.
ह्याला कोणता शब्द हाय?”

म्हणालो, त्यालाही वॉच.
“दोन्हीला एकच?”
दोन्हीला एकच.
तेव्हा ते हसले, पहिल्यांदा,
इंग्रज कुठंतरी आपल्यासारखा निघाला म्हणून असेल.

पानं उलटली.
प्रत्येक पानाच्या तळाशी साहेबाची सही,
तारीख, आणि निळ्या शाईचा शिक्का,
कुठं सरळ, कुठं तिरका,
डॉगच्या पानावर तर उलटा:
सीन.

“हे काय लिव्हलं, सर?”
पहिल्या दिवशी फळ्यावर होतं, सांडूभाऊ.
डोळे उघडे होते.

ते गप्प बसले. खाली झेरॉक्सचं मशीन
एकाच पानाच्या प्रती काढत होतं.

तो शब्द मी दुरुस्त केला नाही.
व्याकरणानं तो बरोबर होता.