बिंदू एकतीस

टेबलावर अठ्ठ्याहत्तरचा नकाशा उलगडलाय,
कोपरे उडू नयेत म्हणून
स्टेपलर, रंगांचं पुस्तक, इर्शादचा जेवणाचा डबा
आणि चुनखडीचा एक खडा,
कुणीतरी कधीतरी आणून विसरलेला.

जालन्याच्या पूर्वेला पेन्सिलीत लिहिलंय:
खोल काळी, भेगाळ. चुनखडी तीन फुटांवर.
उतार नाममात्र.
आणि समासात, वेगळ्याच अक्षरात:
इथं विहीर. पाणी गोड. बाईनं ताक दिलं.

हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.
तरी मी नव्या वहीत उतरवून घेतलं.

काम सोपं आहे, साहेब म्हणतात,
पाचशे मीटरची जाळी टाका,
रेघ रेघेला छेदेल तिथं गिरमिट.
टाकली जाळी.
सात पडला मंगल कार्यालयाच्या भटारखान्यात,
बारा रोलिंग मिलच्या मागं, स्लॅगच्या ढिगावर,
जिथं होकायंत्रसुद्धा गडबडतं.
एकोणीस कब्रस्तानात.
इर्शाद काही बोलला नाही,
टाचणी काढून बोटभर सरकवली,
मी खिडकीबाहेर बघत राहिले.
तेवीस, चोवीस, सत्तावीस डांबराखाली.

आसाराम जिगे आले होते, निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली,
अठ्ठ्याहत्तरला हेच खड्डे खंदायचे.
चिमूटभर माती थुंकीनं भिजवून
तळहातावर वळी करायचे, आणि वळी तुटेल तिथं
चिकणमातीचा टक्का सांगायचे. प्रयोगशाळा
आठवड्यानं तोच आकडा पाठवायची.
नकाशावर हात फिरवत म्हणाले,
गावाची असते पांढर, शेताची काळी.
तुम्ही तर काळीवरच गाव नेऊन ठेवलं,
आता रंग कोणता देणार, मॅडम?

सूचीत एक चौकोन रिकामा आहे.
मी त्यात आधी करडा भरला,
मग खोडला. कागद तिथं थोडा खरवडलाय.

एकतीस पडलाय दोन खोल्यांच्या घरात,
कराच्या यादीत नाव सुलाबाई लिंबाजी खरात.
नुसती पाहणी करायला गेलो.
कितीक खोल खंदायलेत?
पाच फूट, मावशी.
पाच फुटांत काय घावतंय?
आणि बोटांवर मोजू लागल्या:
वर फरशी. फरशीखाली गिट्टी.
मग मुरूम, धा ट्रिपा, लिंबाजी होते तवाचा.
मग मिलची काळी राख, फुकट मिळायची.
मग शेजारच्याच्या पडल्या भिंतीच्या इटा,
पोरांच्या चपला, पन्न्या, काचेच्या बांगड्या.
आन् त्याच्या खाली हिहीर, बुजवलेली.
आन् हिहिरीच्या भवतीनं काळी.
तिला कोण इचारतं?

आमचा तक्ता इतका नीट
कुणीच भरला नव्हता आजवर.
फक्त एक रकाना अडला: मूळ द्रव्य.
म्हणजे ही माती कुठल्या खडकाची लेक.
मुरूम कुठल्या टेकडीचा, विचारलं
तर सुलाबाईंनी ट्रकवाल्याचा नंबर दिला.
लावला. बंद आहे.
टेकडीही बहुतेक आता तिथं नसेल.

परत आल्यावर खर्चाचा कागद:
गिरमिटाची पाती सहा (स्लॅगवर बोथट होतात),
पिशव्या, दोरी, लेबलं, लोहचुंबक एक,
फरशी पूर्ववत बसवण्यासाठी सिमेंट.
साहेबांनी सिमेंटखाली लाल रेघ मारली.
एकतीस सरकवा, म्हणाले, रस्त्याच्या कडेला घ्या,
कुणाला काय कळतं.

एकोणीस सरकला तेव्हा मी गप्प होते.
एकतीस नाही सरकवणार.
त्या विहिरीच्या काठाला
एका माणसानं नोकरीच्या वेळेत ताक पिऊन
तसं लिहून ठेवलंय.

स्वयंपाकघरात नको, न्हाणीत खंदा,
एवढीच सुलाबाईंची अट.
इर्शादनं दोरीनं मोजून आणलंय:
न्हाणीत गिरमिट उभं राहतं,
दार काढलं तर.
दार, सुलाबाई म्हणाल्या,
दिवाळीपासूनच निखळलंय,
नुसतं टेकवून ठेवतो.