हातचा एक

नव्वद युरो. एवढ्यात भागेल, असं धरून चाललो होतो.
टोर्निओच्या बसथांब्यावर यारक्कोनं
स्टिअरिंग असं हातात दिलं,
जसं झोपलेलं मूल कुणी दुसऱ्याच्या खांद्यावर देतं.
"मुलगी झाली," म्हणाला, "खोली तिला लागेल."
दोन पेडलं बटाट्याच्या पोत्यात.
एक स्क्रू कमी होता.
तो त्यानं सांगितला नाही, मीही मोजला नाही.

केमीला पोचलो तेव्हा दुपारचे चार,
म्हणजे नोव्हेंबरात रात्रच.
जेवणाच्या टेबलाला स्टिअरिंग आवळलं
आणि पहिल्याच वळणावर
टेबल माझ्यासोबत वळलं.
गाडी रस्त्यावर राहिली.
मिठाची बरणी राहिली नाही.

खर्च एकदम येत नाही.
आधी पाहुणा येतो, मग त्याची वळकटी,
मग त्याचा मेहुणा.
टेबल जखडायला लोखंडी पट्ट्या, अकरा.
खेळ सवलतीत चाळीसला मिळाला,
गाडी त्यातच होती,
पण मला हवा तो रस्ता वेगळा विकत. बारा.
(रस्ता विकत घेतला, असं आमच्या घराण्यात
आजवर कुणी म्हटलं नसेल.)

खुर्चीला चाकं.
ब्रेक दाबला की गाडी जागेवर
आणि मी फ्रिजपाशी.
शेवटी पाचही चाकं जुन्या बुटांत उभी केली:
माझे दोन, भंगारातले दोन,
पाचवा एक लहान पोराचा लाल रबरी बूट,
गोदामाच्या फाटकाशी बेवारस पडलेला.
खर्च शून्य. हे मी वहीत ठळक लिहिलं.

ब्रेक मात्र लोण्याचा.
वळण जवळ यायचं आणि कळायचं नाही
मी थांबतोय की विनवतोय.
मग कागदाच्या गोदामात दोन रविवार विकले
आणि नवा ब्रेक आणला. दोनशे दहा.
हा दगड होता.
प्रत्येक वळणाला मांडीचा सगळा जोर,
रात्री अकरापर्यंत.

तिसऱ्या रात्री खालून
झाडूची दांडी ठोकली गेली.
सकाळी दालचिनीचे पाव घेऊन गेलो. सात युरो.
लेम्पी हाउताला, वय एक्याऐंशी.
"मला वाटलं तू पडतोयस," म्हणाली,
"सारखा, एकाच जागी."
म्हटलं, "साधारण तेच."

जिना चढून ती वर आली, दोनदा टेकत.
सगळ्यात जास्त वेळ लाल बुटाकडे पाहिलं.
मग सपाता काढल्या,
लोकरीच्या मोज्यांवर बसली, विचारलं,
"दिवे कुठे लावायचे?"
दोनदा भिंतीवर आदळली,
भिंतीला एक जुनी शिवी दिली, मला ती कळली नाही.
चौथ्या फेरीला गप्प झाली.
"तेवीस वर्षं दुधाचा टँकर हाकलाय," म्हणाली,
"सिमोपासून वर, बर्फावरून.
ब्रेक असा लाथाडला की टाकीतलं दूध
मागून ढकलतं. पुढे नदी असते."
तिचा पाय पेडलवर जेमतेम टेकलेला,
जणू कुणाला उठवायचं आहे, पण दचकवायचं नाही.
माझ्या महिन्याभराच्या वेळेहून
दोन सेकंद कमी.

संध्याकाळी ती पुन्हा आली,
चिंध्या विणून केलेल्या दोन सतरंज्या घेऊन.
मी पेडलांखाली त्या अंथरल्या.
खाली आता काही ऐकू जात नाही, असं ती म्हणते.
म्हणजे ऐकायला खाली कुणी नसतं,
बुधवारी तरी.

वही उघडली. तीनशे सत्तर,
अधिक दोन रविवार, अधिक मीठ.
बेरीज करताना हातचा एक राहतोच,
तो कुठे मांडायचा ते ठरेना,
तेवढ्यात तिनं चष्मा पुसला,
आणि विचारलं, हे स्टिअरिंग
बशीएवढंच का आहे,
टँकरएवढं मिळत नाही का कुठे,
आणि मिळालं तर
केवढ्याला.