घराचा मध्य

लॅमिंग्टन रोडवर छेडांच्या दुकानात
माझ्या आधी दोन पोरं, खोक्यांवरचे आकडे
मोठ्याने वाचत उभी.
मी पर्समधून चिठ्ठी काढली, ऋजुताच्या अक्षरातली:
स्वस्तातला. आतल्या खोलीत पोचणारा.
एवढंच.

छेडांनी चिठ्ठी उलटून पाहिली,
मागे दळणाचा हिशोब होता.
"घर केवढं?"
मी म्हटलं, विक्रोळी, कन्नमवार नगर.
"ते कुठे, ते झालं. केवढं?"
म्हटलं, म्हाडाने दिलं तेवढं,
वर बाल्कनी आत घेतली ती.

भिंत कशाची? मध्ये कपाट आहे, लोखंडी?
आरसा कुठल्या अंगाला? पाण्याचं पिंप?
एकतीस वर्षांत माझ्या घराची इतकी चौकशी
कुणी केली नव्हती,
सोयरीक जुळवायला आलेल्यांनीसुद्धा नाही.

मग मी सांगतच सुटले.
आतली खोली काढली तेव्हा ह्यांनी
मधली भिंत नऊ इंची घातली.
गवंडी म्हणत होता, चार पुरे.
हे म्हणाले, आवाज यायला नको.
रात्रपाळी असायची, दिवसा झोपायचे.
आवाज आला नाही.
आता मिहीरच्या साहेबाचाही येत नाही.
पोरगा चपलांच्या स्टँडवर बसून नोकरी करतो,
मांडीवर लॅपटॉप, डोक्याशी मीटरची पेटी.

सहा काड्यांचं एक काळं यंत्र होतं,
उताण्या पडलेल्या खेकड्यासारखं. मी त्यावर बोट ठेवलं.
"काड्या मोजू नका, बेन. प्लॅन कितीचा? चाळीसचा?
मग आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून?"
मी बोट उचललं.

"यात दोन लहरी असतात.
एक लांब जाते, पण रमतगमत.
दुसरी तरतरीत, पण भिंत आली की दमते."
मला आम्ही दोघी जावा आठवलो.
कोण कुठली, ते सांगणार नाही.

अठराशे पन्नास. वरचे पन्नास सोडवले.
तीन वर्षांची गॅरंटी, पावतीवर शिक्का,
आणि कोपऱ्यात त्यांनी पेनाने लिहून दिलं:
घराच्या मध्यावर. उंच. कपाटामागे नाही.

घरी मिहीर झोपलेला.
मशीनच्या खणातून टेप काढली,
जिने अर्ध्या कॉलनीच्या छात्या-कमरा मोजल्या.
साठ इंचांची ती,
घराला पुन्हा पुन्हा लावावी लागली.
शिंपीखडूची खूण, पुढे सरक, पुन्हा खूण.
मध्येच आकडा विसरले, परत पहिल्यापासून.
लांबीची निम्मी, रुंदीची निम्मी,
दोन्ही रेघा भेटल्या
तिथे काहीच नव्हतं.
नुसती चौकट, स्वयंपाकघर आणि खोलीच्या मधली,
आणि खाली एक लादी, तेवढीच झिजलेली.

ओळखीची होती मला.
इथे उभं राहिलं की कुकरच्या शिट्ट्याही मोजता येतात
आणि पुढच्या खोलीतलं बोलणंही ऐकू येतं.
बापलेकांचं बंद होतं तेव्हा
बोलणं असं नसायचंच, मग मीच
इकडचं तिकडे करायचे.
फी भरायची म्हणतोय.
जेवून घे म्हणतायत.
(तसं ते म्हणालेले नसायचे.)
काही शब्द पोचायला उशीर लावला मी मुद्दाम,
काही वाटेतच ठेवून घेतले.

चौकटीवर खिळा ठोकला,
एक्स्टेन्शनची वायर बिजागरीमागून वर घेतली.
दिवा आधी लाल, मग बराच वेळ विचारात, मग हिरवा.
ठोकाठोकीने मिहीर उठला होताच,
लॅपटॉप घेऊन आत गेला,
भिंतीपलीकडून काहीतरी ओरडला,
"येतंय" म्हणाला असावा.

मी लादीवरच उभी होते, हातोडी हातात.
मग जरा बाजूला झाले.
माणूस मध्ये उभं असलं तर अडतं का,
हे छेडांना विचारायचं राहूनच गेलं.